मिरवणुकीनंतरची बत्तीस वर्षे

आमच्या नृसिंहवाडीला आपण कधी ना कधी आला असाल. घाटाच्या पायऱ्या उतरून पादुकांचे दर्शन घेतले असेल, परतताना पेढ्यांचा नाहीतर कवठाच्या बर्फीचा पुडा पिशवीत टाकला असेल. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढत चढत देवळात येते आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वाराच्या स्नानासाठी माणसे रात्री-अपरात्री धावत येतात. पण आज मला देवळाविषयी बोलायचे नाही. हे पाणी जिकडून येते, त्या मुलखातल्या दोन माणसांविषयी बोलायचे आहे.

कृष्णा आमच्याकडे येते ती कराडवरून. कराडच्या शेजारी गोळेश्वर नावाचे गाव आहे. दुसऱ्या बाजूने पंचगंगा येते. तिच्यात राधानगरीच्या धरणाचे, भोगावतीचे पाणी असते, आणि त्याच राधानगरी तालुक्यात कांबळवाडी हे लहानसे गाव आहे. गोळेश्वरच्या खाशाबा दादासाहेब जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली ऑलिंपिकची वैयक्तिक पदके ती ही दोन, आणि दोहोंमध्ये अंतर बहात्तर वर्षांचे.

खाशाबांची कुस्ती आपल्याकडे पुष्कळांना तोंडपाठ आहे. मला विचारायचे आहे ते निराळेच. पदक जिंकल्यावर माणूस पुढे काय करतो? फोटो निघतो, हार पडतात, गुलाल उधळला जातो. मग दुसरा दिवस उजाडतो की नाही? त्या दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्या माणसाचे काय होते?

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा. घर पैलवानांचे; वडील दादासाहेब स्वतः कुस्तीगीर. शाळा कराडच्या टिळक हायस्कुलात, पुढचे शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1948 साली लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. आता आपली कुस्ती म्हणजे तांबड्या मातीतली. त्या मातीत ताक पडते, तेल पडते, हळद पडते. पाय रुतला की पैलवानाला बळ वाटते. लंडनला पायाखाली आली गादी. डाव तेच, पण पाय घसरतो, पकड वेगळी लागते, गुणांचा हिशेब वेगळा आणि वेळेचे बंधन. अशा अनोळखी गादीवर त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. मला तर ही गोष्ट पदकाइतकीच मोठी वाटते, पण सहाव्या क्रमांकाची मिरवणूक कोण काढतो?

पुढच्या वेळी हेलसिंकीला जायचे तर पैसा हवा होता. सरकारी मदत पुरणारी नव्हती. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली, दारोदार फिरून रुपया-रुपया जमवला. तरीही तूट राहिली. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले बॅरिस्टर खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिक्षक मंडळी हे ऐकत असतील तर त्यांनी क्षणभर थांबावे. विद्यार्थ्यासाठी घर गहाण! मी स्वतः कॉलेजात शिकवतो. खर्डेकरांची ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी सांगताना मनात येते, की माझ्याच्याने हे झाले असते का? उत्तर मला ठाऊक आहे, ते येथे सांगत नाही.

हेलसिंकीला सत्तावन्न किलोच्या गटात खाशाबांनी कॅनडाचा, मेक्सिकोचा, जर्मनीचा मल्ल पाडला. मग जपानच्या शोहाची इशीशी गाठ पडली. ती कुस्ती लांबली आणि खाशाबा थोडक्यात हरले. ती संपते न संपते तोच पुकारा झाला, की आता सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढा. नियम असा होता, की दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे. खाशाबांच्या बाजूने तेथे हे बोलणारे कोणी नव्हते. आपल्या संघाचा अधिकारी त्या वेळी आखाड्याजवळ हजर नव्हता. थकलेला माणूस तसाच उठला, लढला आणि हरला. इशीला सुवर्णपदक, सोव्हिएत मल्लाला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक होय.

श्रोतेहो, तो अर्धा तास आपण ध्यानात ठेवा. खाशाबांच्या अंगात बळ कमी नव्हते, डाव कमी नव्हते. शेजारी उभा राहून "अहो, नियम असा आहे" एवढे म्हणणारा माणूस तेवढा कमी होता. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या पुढच्या बत्तीस वर्षांची गोष्टही हीच आहे.

गावी परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्या सजल्या होत्या. ढोल, लेझीम, फटाके. एरवी पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी म्हणे सात तास लागले! गावकऱ्यांच्या त्या प्रेमाला मी नावे ठेवणार नाही. ज्यांनी रुपया-रुपया घातला होता, त्यांचा तो आनंद हक्काचाच होता. दिल्ली-मुंबईत मात्र त्या वर्षी बोलबाला होता हॉकीच्या सुवर्णपदकाचा.

आणि खाशाबांनी पदक आणल्यावर काय केले? कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, जिंकले, आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचे घर गहाणातून सोडवले. ऑलिंपिकचा वीर घरी येतो आणि आधी देणे फेडतो. शेतकरी सुगी झाल्यावर जसा पहिल्याने सोसायटीचे कर्ज बघतो, तसाच हा माणूस.

1955 साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची आशा गुडघ्याच्या दुखापतीने मावळली. तीस वर्षांच्या पैलवानाचा गुडघा गेला म्हणजे काय गेले, हे तालमीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. मग नोकरी एके नोकरी. खात्यातल्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, इतरांना शिकवले. सत्तावीस वर्षे सेवा करून असिस्टंट कमिशनर म्हणून ते निवृत्त झाले. वाचताना हे सरळ वाटते. पण बढतीला उशीर झाला आणि निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावे लागले, असे त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खाशाबांची कहाणी सांगताना 'उपेक्षित, उपेक्षित' असा सूर लावण्याची आपल्याला सवय झाली आहे. भाषणात तो शब्द आला की टाळ्या पडतात. पण सत्तावीस वर्षे वर्दी घालून कामावर जाणारा माणूस कीव करण्याजोगा नसतो. तो आपले काम करत होता. प्रश्न त्यांचा नाही, आपला आहे. अर्जुन पुरस्कार सुरू झाला 1961 साली. त्यानंतर खाशाबा तेवीस वर्षे हयात होते. तेवीस वेळा याद्या झाल्या, आणि देशाचा पहिला वैयक्तिक पदकवीर कोणाला आठवला नाही. असे पुरस्कार आपोआप चालत येत नाहीत, बरं का. कोणीतरी नाव सुचवावे लागते, कागद जोडावे लागतात, वेळेत पाठवावे लागतात. पुन्हा तोच हेलसिंकीचा अर्धा तास! नियम होता, हक्क होता, बोलणारा नव्हता.

1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांत मशाल नेणाऱ्यांत त्यांना स्थान मिळाले, तेवढे एक झाले. 14 ऑगस्ट 1984 ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. नंतर मात्र सारे सावकाश येत राहिले. 1992-93 चा शिवछत्रपती पुरस्कार, 2000 सालचा अर्जुन पुरस्कार, 2010 साली दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव. आता 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. दुसरे वैयक्तिक पदक देशाला मिळाले ते 1996 साली, लिअँडर पेसला टेनिसमध्ये. चव्वेचाळीस वर्षे लागली. तेव्हा कोठे पहिल्याची किंमत पुष्कळांना उमगली.

स्वप्नील कुसाळेची गोष्ट इतकी लांब नाही, कारण ती अजून चालू आहे. वडील शिक्षक. मुलगा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. 1 ऑगस्ट 2024 रोजी पदक मिळाले आणि लगेच बढती जाहीर झाली, राज्य शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले. रक्कम कमी की जास्त यावर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. मला त्यात दिसले ते एवढेच, की या वेळी बोलणारी माणसे होती. बहात्तर वर्षांत आपण काही शिकलो.

पण मी शिकलो का? आता मी माझे सांगतो. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात शिरोळ तालुक्यातलाच एक मुलगा होता. कुस्ती करणारा. पहाटे तालीम, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा तालीम. माझ्या तासाला शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसे. मी रागावत नसे, कारण घामाने थकलेली झोप आणि आळसाची झोप यांतला फरक मास्तराला कळतो. त्याने राज्य पातळीवर पदक मिळवले. कॉलेजात सत्कार झाला. सत्काराचे भाषण मीच केले, आणि त्यात खाशाबाही आणले, खर्डेकरही आणले.

सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे हे मला ठाऊक होते. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून वेळेत करून घ्यावी लागते हेही ठाऊक होते. त्याला ते सांगायचे मात्र राहून गेले. त्याला वाटले, प्रमाणपत्र आहे म्हणजे झाले. त्याने ते काचेत बसवून भिंतीवर लावले होते. भरती निघाली, त्याने अर्ज केला, पडताळणी नाही म्हणून तो खेळाडूंच्या यादीत बसला नाही. मला कळले तेव्हा मुदत संपून गेली होती. तो माझ्याकडे आला, तक्रार करायला नव्हे, विचारायला. "सर, हे आधी करायचं असतं का?" एवढेच म्हणाला.

मी वीस मिनिटे भाषण केले होते. त्यातली दोन मिनिटे मी त्याला बाजूला घेऊन बोललो असतो तर पुरली असती.

म्हणून खेड्यातल्या शिक्षक बंधू-भगिनींना माझे सांगणे आहे. आपल्या शाळेतला मुलगा जिल्ह्याला, विभागाला, राज्याला खेळून आला, की हार आणण्याआधी त्याचे प्रमाणपत्र हातात घ्या. नाव बरोबर लिहिले आहे का? आधार कार्डावरच्या नावाशी जुळते का? जन्मतारीख चुकली नाही ना? दहावी-बारावीच्या मुलाला वाढीव क्रीडा गुण मिळायचे असतील, तर शाळेने प्रस्ताव कधी पाठवायचा? आणि आईबापांनी, पोर शिकलेले नसले तरी, कागदाच्या चार प्रती काढून ट्रंकेत ठेवाव्यात. आमच्याकडे 2005 ला पूर आला, 2019 ला आला, 2021 ला आला. घरे पाण्यात गेली, आणि कागद भिजून लगदा झाले. वाडीत आम्ही पूर चढू लागला की देवाची उत्सवमूर्ती आधी वर हलवतो. पोरांचे कागदही त्याच वेळी माळ्यावर टाकावेत, देव रागावणार नाही.

मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मुलगी राज्याला खेळून आली की गाव कौतुक करते, आणि दोन वर्षांत तिचे लग्न होते. प्रमाणपत्र माहेरच्या भिंतीवर राहते, आडनाव बदलते, आणि पुढे तिला ते वापरायचे म्हटले तर दहा खेटे घालावे लागतात. याविषयी बोलायचे तर एक भाषण वेगळे लागेल.

तो माझा विद्यार्थी आता एका साखर कारखान्यात कामाला आहे. संध्याकाळी गावच्या तालमीत लहान पोरांना शिकवतो. पैसे घेत नाही. गेल्या पौर्णिमेला वाडीला आला होता, बरोबर तेरा-चौदा वर्षांचा एक काटक पोरगा. दर्शन झाल्यावर दोघे माझ्या घरी आले. चहा होईपर्यंत पोरगा गप्प बसून होता. मग ह्याने पिशवीतून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "सर, विभागीय स्पर्धेचं आहे. ह्याच्यात काही राहिलंय का, तेवढं बघा."

मी चष्मा लावला. वडिलांच्या नावात एक काना राहिला होता.