लोणारचें सरोवर आणि कर्बाचीं रूपें



बुलढाणा जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या घरांत एकाच मूलद्रव्याचीं अनेक रूपें सहज पाहावयास मिळतात. समईच्या ज्योतीवर धरलेल्या ताटलीला काजळ चढतें. चुलींत विझलेला कोळसा असतो. मुलाच्या दप्तरांत शिसपेन्सिल असते. आणि घरच्या लक्ष्मीच्या चमकींत एखादे वेळीं हिऱ्याचा खडाहि असतो. हीं सारीं कर्बाचीं, म्हणजे ज्यास कार्बन म्हणतात त्याचीं रूपें होत. स्वयंपाकघराच्या फडताळांतील पापडखारांतहि कर्ब आहेच. मात्र तेथें तो एकटा नसून प्राणवायु व सोडियम यांच्या संगतींत आहे.

काळाकुट्ट कोळसा आणि पाणीदार हिरा एकाच कुळांतले, हें कोणास सांगून खरें वाटणार नाहीं. परंतु याचा निवाडा तराजूनें केलेला आहे. १७७२ सालीं लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञानें मोठ्या भिंगानें सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला, तेव्हां कोळसा जळतांना निघतो तोच, चुन्याची निवळी दुधाळ करणारा कर्बाम्ल वायु निघाला. पुढें १७९७ सालीं इंग्लंडांत स्मिथसन टेनंट यानें हिरा व कोळसा हे समभार जाळून दोहोंपासून वायुहि सारखाच निघतो हें दाखविलें. द्रव्य एकच ठरलें; मग गुण इतके भिन्न कां?

याचें उत्तर मांडणींत आहे. कर्बाच्या प्रत्येक परमाणूस जणूं चार हात असतात. हिऱ्यांत प्रत्येक परमाणूनें आपले चारहि हात चार दिशांस पसरून चार शेजाऱ्यांस घट्ट धरलेलें असतें. सगळा खडा म्हणजे जणूं एकच अखंड चौकट. १९१३ सालीं ब्रॅग पितापुत्रांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें ही रचना उलगडली. कोणतीहि बाजू ढिली नसल्यामुळें हिरा अतिशय कठीण झाला. म्हणून तो कांच कापतो आणि खडक पोखरणाऱ्या यंत्रांच्या टोकांस बसवितात.

शिसपेन्सिलींत नांवाप्रमाणें शिसें मुळींच नसतें. असतें तें ग्राफाइट. त्यांत परमाणु मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनांचे सपाट थर करून बसतात. थराच्या आंत बंधन बळकट, पण दोन थरांमधील ओढ दुबळी. त्यामुळें थर एकमेकांवरून घसरतात, आणि पेन्सिल कागदावर ओढली कीं त्यांतील कांहीं कागदास चिकटतात. तेंच अक्षर होय. याच घसरणीमुळें ग्राफाइट यंत्रांस वंगणाचें काम देतें. प्रत्येक परमाणूचा एक इलेक्ट्रॉन थरांत मोकळा फिरत असल्यानें त्यांतून वीजहि वाहते. हिऱ्यांतून ती वाहत नाहीं.

कोळसा व काजळ यांत अशी नीटस मांडणी नसते. ग्राफाइटासारखे लहान लहान तुकडे वेडेवांकडे रचलेले असतात. पण ही अव्यवस्थाहि निरुपयोगी नाहीं. कोळशाच्या अंगीं असंख्य बारीक छिद्रें असतात. विशेष रीतीनें भाजलेल्या एक ग्रॅम कोळशाच्या पोटांत शेंकडों चौरस मीटर पृष्ठभाग भरतो, आणि त्यावर दुर्गंध, रंग व विषारी वायु चिकटून राहतात; म्हणून पाणी गाळण्यास व साखर स्वच्छ करण्यास तो वापरतात. काजळाच्या शाईनें लिहिलेल्या पोथ्या शतकें लोटलीं तरी फिक्या पडत नाहींत, कारण नेहमींच्या उष्णमानांत कर्ब हवेशीं फारसा संयोग पावत नाहीं.

हें कुटुंब एवढ्यावरच संपलें नाहीं. १९८५ सालीं साठ परमाणूंचा, फुटबॉलच्या शिवणीसारखा पोकळ गोल सांपडला. त्यास फुलरीन म्हणतात. २००४ सालीं ग्राफाइटाचा एकच थर वेगळा काढण्यांत आला, तें ग्राफीन. ग्राफाइटास चिकटपट्टी लावून ती पुनःपुन्हां सोलण्याइतकी ती युक्ति साधी होती!

मांडणी मनुष्यासच बदलतां येते असें नाहीं. आकाशांतून येणारा आघातहि ती बदलतो, आणि त्याची साक्ष बुलढाणा जिल्ह्यांतच आहे. लोणारचें विवर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें असून तें काळ्या बसाल्ट खडकांत खोदलें गेलें आहे. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या कालगणनेप्रमाणें त्याचें वय सुमारें ५ लाख ७० हजार वर्षें आहे. तें अशनिपातानेंच झालें याचा भक्कम पुरावा १९७३ सालीं पुढें आला: तेथील खडकांतील फेल्स्पार स्फटिकांची आंतील रचना धक्क्यानें मोडून त्यांची न वितळतां कांच झाली होती. सायबेरियांत पोपिगाय येथेंहि सुमारें साडेतीन कोटि वर्षांपूर्वीं असाच, परंतु फार मोठा आघात झाला. तेथील खडकांत ग्राफाइट होतें. एका क्षणांत त्याचे हिरे झाले. लोणारच्या वांट्यास बसाल्ट आला, म्हणून कांच आली.

परंतु लोणारास हिरे लाभले नाहींत म्हणून तें कर्बास मुकलें असें मात्र नाहीं. पावसाचें पाणी हवेंतील कर्बाम्ल वायु शोषून बसाल्टावरून झिरपतें आणि त्यांतील सोडियम व चुना विरघळवून सरोवरांत आणतें. पाण्यास बाहेर वाट नाहीं. ऊन तें आटवितें. चुना कर्बाशीं मिळून तळाशीं बसतो आणि सोडियमचे कर्बयुक्त क्षार पाण्यांत सांचत जातात. अबुल फझलनें ऐन-इ-अकबरींत कांच व साबण यांस लागणाऱ्या द्रव्यांसाठीं या भागाचा उल्लेख केला आहे. पूर्वीं लोक हे क्षार काढीत; त्यांच्या प्रकारांस दल्ला, पापडी, भुस्की अशीं नांवें होतीं. ज्या कर्बानें हिरा होतो, त्यानेंच येथें गरिबाचा कपडा स्वच्छ केला.

आणि त्यानेंच येथें एक निराळी जीवसृष्टि पोसली. या तीव्र खाऱ्या पाण्यांत निळें-हिरवें शेवाळ विरघळलेला कर्ब घेऊन उन्हाच्या साह्यानें त्याचें अन्न बनवितें. २०२० च्या जून महिन्यांत सरोवर गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें त्याचें कारण मिठांत वाढणारे सूक्ष्म जीव हें सांगितलें. त्यांचा रंगहि कर्बाच्या लांब साखळ्यांचाच असतो. त्याच वर्षीं या सरोवराची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांत गणना झाली.

येथेंच खरी जबाबदारी सुरू होते. हिरा पिढ्यान्‌पिढ्या पेटींत ठेवला तरी हिराच राहतो. लोणारचें धन तसें पेटींत ठेवतां येत नाहीं. तें आवक आणि आटणें यांच्या तोलावर उभें आहे. गांवचें सांडपाणी उतारावरून खालीं सोडलें, किंवा गोड्या पाण्याची आवक बेसुमार वाढली, तर क्षार विरळ होतील, परका जीव शिरेल आणि खाऱ्या पाण्यांतला जीव मागें हटेल. कर्बाचा एकहि परमाणु नाहींसा होणार नाहीं. नाहींशी होईल ती मांडणी. आणि कोळशास हिऱ्यापासून जें वेगळें करतें, तें मांडणीवांचून दुसरें काय आहे?