घड्याळ कोणासाठी थांबले?

कोरोनाच्या साथीत न्यायालयांची दारे पूर्ण बंद झाली नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे-अपिलांची मुदत वाढवली. ६ एप्रिलला दूरदृश्य सुनावणीची व्यवस्था घालून दिली. ज्या पक्षकाराजवळ साधन नाही त्याला ते पुरवावे, असेही त्या आदेशात होते. तालुक्याच्या कोर्टात ते कितपत पोचले, हे तेथे खेटे घालणाऱ्यालाच विचारावे!

पण कोठडीतील माणसाचे काय? ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर जामीन हा त्याचा हक्क. वाढीव मुदत पोलिसांनाही मिळते, असे मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ठरवले. म्हणजे घड्याळ थांबले ते सरकारचे; कैद्याचे दिवस चालूच. आणि तुरुंग तरी सुरक्षित होते काय? त्याच मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात शंभरावर जणांना लागण झाली होती.

१९ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. टाळेबंदीला आणीबाणीच्या घोषणेसमान मानणे चूक आहे, असे सांगताना न्यायालयाला १९७६ च्या जबलपूर खटल्याची आठवण काढावी लागली. त्या खटल्याचा अर्थ आपल्या कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांतील कित्येकांनी तो तुरुंगातच ऐकला होता.