खांद्याजवळचं हाड मोडलं तर



पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांवरून खांद्याजवळ दंडाचं हाड मोडलेला माणूस आला, की घरचे मला आधी विचारतात, "डॉक्टर, प्लेट घालावी लागंल का?" दर वेळी लागत नाही. तुकडे फारसे सरकले नसतील, तर हात गळ्यात बांधून हाड जुळतं. ते १ सेंटिमीटरहून जास्त सरकले किंवा फार तिरके झाले, तर ऑपरेशनचा विचार करतो. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रू प्लेटच्या आट्यांतच घट्ट बसतात, म्हणून ठिसूळ हाडातही पकड टिकते.

पण प्लेट फक्त हाड धरते. खांदा मोकळा होतो तो व्यायामानं. आपली अडचण इथंच आहे. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर जातात, तपासणी राहते, खांदा आखडतो. आखडलेल्या हातानं विटा कशा थापायच्या?

म्हणून तीन विनंत्या. मोडलेला हात कुणाला चोळू देऊ नका. रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णासोबत जा आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आणि कुटुंब निघण्याआधी भट्टीचं ठिकाण लिहून ठेवा. व्यायाम करून घ्यायला आपण तिथवर जाऊ.