नवशिक्याची पहिली मोटार



एखाद्यानें मोटार घ्यावयाचें ठरविलें म्हणजे त्याला भेटणारा पहिला मनुष्य विचारतो, "लिटरला किती चालते?" दुसरा किंमत विचारतो आणि तिसरा रंग विचारतो. ती चालविणार कोण, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्याच्या हातीं परवाना नुकताच पडला आहे, अशा माणसानें आपली पहिली छोटी मोटार कशी निवडावी, याविषयीं आज चार शब्द आपल्यापुढें ठेवावे असा माझा विचार आहे. आणि त्या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नापासूनच मी आरंभ करणार आहें.

हा विषय मजकडे कसा आला, तें प्रथम सांगितलें पाहिजे. शाळेंतील सारी नोकरी मीं सायकलवर केली. मोटारीची हौस मला कधींच नव्हती. परंतु वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं आमच्या घरांतील मंडळींचें मूत्रपिंडाचें दुखणें बळावलें आणि त्यांना आठवड्यांतून दोन वेळां पहांटे सहा वाजतां डायलिसिससाठीं रुग्णालयांत पोंचविणें भाग पडलें. आमच्या साताऱ्यांत त्या वेळीं रिक्षा मिळाली तर मिळते. मुलगा पुण्यास नोकरीवर. चार तासांनीं गळून गेलेल्या माणसाला रस्त्यावर वाहनाची वाट पाहत उभें करणें मला बघवेना. तेव्हां ज्या वयांत इतर लोक मोटार चालविणें सोडून देतात, त्या वयांत मीं तें शिकावयास घेतलें.

शिकाऊ परवाना मिळाला. गाडीवर लाल रंगाचें 'एल' अक्षर लागलें. तीस दिवस गेल्यावर परीक्षा देतां येते, ती दिली आणि पक्का परवाना आला. तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. शिकवणीच्या गाडींत शिक्षकाच्या पायांखालीं निराळा ब्रेक आणि निराळा क्लच असतो. माझ्या चुका निम्म्या त्या पायांनीं सांवरल्या होत्या. पक्का परवाना हातीं आला त्या दिवशीं ते पाय शेजारून नाहींसे झाले. परवाना म्हणजे शाळेंत नांव दाखल झाल्याची पावती. खरें शिक्षण त्यानंतर पहिल्या गाडींत व्हावयाचें असतें. म्हणून ही गाडी निवडतांना आपली ऐपत जितकी पाहावयाची, तितकाच आपला अडाणीपणाही पाहिला पाहिजे.

'हॅचबॅक' हा शब्द आतां आपल्याकडे रुळला आहे. मागें सामानाची पेटी वेगळी न काढतां, कांचेसह वर उघडणारें एक दार जिला असतें, ती ही मोटार. बसण्याची आणि सामानाची जागा एकाच छपराखालीं असल्यामुळें ती आंखूड राहते. मध्यमवर्गाच्या दारांत ही गाडी आणली ती मारुति ८०० नें. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें तिच्या पहिल्या ग्राहकास किल्ली देण्यांत आली. किंमत सुमारें ४७,५०० रुपये होती. २०१४ च्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. त्या तीस वर्षांत कित्येक घरांतील पहिला चालक तिच्यावरच तयार झाला.

त्या जुन्या गाडीची लांबी ३,३३५ मिलिमीटर आणि रुंदी १,४४० मिलिमीटर होती. आजच्या छोट्या गाड्यांशीं ही मापें ताडून पाहा. आल्टो के-१० लांबीला ३,५३० आणि रुंदीला १,४९० आहे. वॅगन आर ३,६५५ आणि १,६२० आहे. स्विफ्ट ३,८६० आणि १,७३५ आहे. म्हणजे जिला आपण अद्याप 'लहान गाडी' म्हणतों, ती त्या जुन्या गाडीहून जवळजवळ एक फूट रुंद झाली आहे. आपल्या गल्ल्या मात्र जुन्या मापाच्याच राहिल्या. तेव्हां गाडी बघावयास जाण्यापूर्वीं घरचा टेप घेऊन आपलें फाटक आणि गाडी उभी करण्याची जागा मोजावी. रुंदीच्या या आंकड्यांत बाजूचे आरसे धरलेले नसतात, आणि गाडी उभी केल्यावर दार उघडण्यास जागा लागते, हेंही विसरूं नये.

मोजमाप झाल्यावर गाडींत बसून पाहावें. आणि तें दोन मिनिटें नव्हे, चांगलीं पंधरा मिनिटें. क्लच तळापर्यंत दाबला असतांही गुडघा किंचित् वांकलेला राहतो कीं नाहीं? आसन वरखालीं करण्याची सोय आहे काय? समोरच्या कांचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांआड वळणावरचा पादचारी लपतो काय? मागची कांच किती उंचीवर सुरू होते? पुष्कळ नव्या गाड्यांत दिसण्याच्या हौसेपायीं बाजूच्या आणि मागच्या कांचा अरुंद होत गेल्या आहेत. मुरलेला चालक आरशांवर आणि सवयीवर भागवितो. नवशिक्याचें सगळें भांडवल त्याच्या डोळ्यांत असतें. तेथें काटकसर करणें बरें नव्हे.

मुलाच्या मनांत एक ऐटदार गाडी भरली होती. "बाबा, एवढे पैसे घालतोंच आहों, तर जरा मोठी घेऊं," असें तो म्हणाला. मलाही तिचा मोह पडला. दुकानचा एक तरुण शेजारीं बसला आणि आम्ही फेरीस निघालों. अजिंक्यताऱ्याच्या बाजूस चढत जाणाऱ्या एका अरुंद गल्लींत समोरून टेंपो आला, म्हणून मी थांबलों. पुन्हां निघतांना क्लच सुटण्यांत आणि पेट्रोल देण्यांत क्षणाचें अंतर पडलें. गाडी बंद पडून मागें घसरली. त्या तरुणानें चटकन् हँडब्रेक ओढला. आरशांत पाहतों तों मागें स्कूटरवर एक बाई, आणि पुढें उभा त्यांचा पांचसहा वर्षांचा मुलगा. मध्यें हातभर अंतर उरलें होतें. त्या रागावल्या नाहींत. "काका, सावकाश," एवढेंच म्हणाल्या. मीं गाडी कडेला घेतली आणि परत आणण्यास त्या तरुणाच्या स्वाधीन केली. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

म्हणून नवशिक्यांना माझें आग्रहाचें सांगणें आहे कीं, गाडीची चाचणी दुकानापुढच्या सपाट रस्त्यावर घेऊं नये. जो चढ, जें वळण आणि जी गर्दी आपल्या नित्याच्या वाटेवर आहे, तेथेंच ती घ्यावी. सोबत एखादा जाणता चालक असावा आणि वेळ वर्दळ नसलेली निवडावी. पुष्कळ गाड्यांत आतां चढावर ब्रेकवरून पाय उचलल्यानंतरही एकदोन सेकंद गाडी धरून ठेवण्याची योजना असते. तिला 'हिल होल्ड' म्हणतात. ते एकदोन सेकंद म्हणजे शेजारच्या शिक्षकाचे पायच समजा. परंतु एकाच नांवाच्या गाडीचे चारपांच प्रकार विक्रीस असतात, आणि ही सोय कांहींत असते, कांहींत नसते. आपण घेत आहों त्याच प्रकारांत ती आहे ना, हें लेखी पाहून घ्यावें.

दुसरा मार्ग क्लच नसलेल्या गाडीचा. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ या छोट्या गाडींत 'एएमटी' नांवाची रचना आली. तींत गिअर आणि क्लच नेहमींचेच असतात, पण ते हलविण्याचें काम यंत्र करतें. चालकास ब्रेक आणि पेट्रोल एवढेंच पाहावें लागतें. गिअर बदलतांना गाडी किंचित् मान हलविते, पण बंद पडत नाहीं. हाच परवाना तिलाही चालतो. क्लचच्या गाडीहून तिला सुमारें पन्नास हजार रुपये अधिक पडतात. हात बसल्यावर आपण क्लचच्या गाडीकडे खुशाल वळावें. परंतु ज्याला चढावरून रोज दुखणाईत माणूस न्यावयाचें आहे, त्यानें हे रुपये वांचवूं नयेत.

आतां सुरक्षिततेविषयीं. २०१४ च्या जानेवारींत ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हां मोठ्या माणसांच्या संरक्षणाबद्दल पांचांनाही शून्य तारे मिळाले. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाली. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांस एबीएस, म्हणजे जोरानें ब्रेक दाबला तरी चाकें जखडूं न देणारी योजना, सक्तीची झाली. १ जुलै २०१९ पासून चालकापुढील हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, आणि गाडी मागें घेतांना अडथळा कळविणारें यंत्र सक्तीचें झालें. २०२२ पासून शेजारच्या माणसापुढेंही पिशवी आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप ही परीक्षा सुरू आहे. तींत मोठ्यांचे आणि मुलांचे तारे वेगळे मोजतात, दोन्ही पाहावे.

या पिशव्या कितीही असल्या तरी त्यांचा सगळा हिशेब पट्टा बांधलेल्या माणसाचा असतो. मागें बसणारे पट्टा बांधीत नाहींत, ही आपली जुनी खोड आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा मृत्यु झाला, तेव्हां ते भारी किंमतीच्या गाडींत मागच्या आसनावर होते आणि त्यांनीं पट्टा बांधलेला नव्हता. गाडी पाहतांना मागच्या तिन्ही जागांचे पट्टे ओढून, लावून पाहावे. आणि ते कोणी लावल्यावांचून गाडी सुरू करूं नये.

पैशांची बाजूही थोडी पाहूं. १२०० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या आणि चार मीटरांच्या आंतील पेट्रोल गाड्यांवर पूर्वीं २८ टक्के वस्तु-सेवा कर आणि वर उपकर असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला. वांचलेले पैसे छपराच्या कांचेंत आणि मोठ्या पडद्यांत घालण्याचा मोह दुकानांत होतो. ते प्रथम जास्त पिशव्या आणि हिल होल्ड यांत घालावे. दुकानांतील पाटीवरची किंमत ही शेवटची नव्हे, हेंही लक्षांत ठेवावें. नोंदणी, एकरकमी रस्ता कर आणि विमा त्यावर पडतो, आणि इतरांच्या नुकसानीचा विमा नव्या गाडीस २०१८ पासून तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र नवशिक्यानें टाळूं नये.

जुनी गाडी घ्यावी कीं नवी? पहिल्या वर्षीं ओरखडे उठणारच. ते जुन्या गाडीवर उठले तर मनाला कमी लागतात आणि मनुष्य धीरानें शिकतो. परंतु स्वस्त म्हणून फार जुनी गाडी घेतली, तर मघां सांगितलेल्या संरक्षणाच्या सोयी तींत नसतात. म्हणून माझ्या मतें २०२२ पासून पुढें बनलेली गाडी पाहावी. ओळखीच्या मेकॅनिककडून ती उचलून खालून तपासून घ्यावी, दुरुस्तीच्या नोंदी वाचाव्या, आणि नोंदणीपुस्तकावर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचा बँकेचा दाखला पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

शेवटीं आम्हीं काय केलें, तें सांगतों. गाड्यांचीं नांवें घेऊन चर्चा चालली असतां आमच्या घरांतील मंडळी एवढेंच म्हणाल्या, "अहो, मला आंत बसतां आलें म्हणजे झालें." तेव्हां त्यांनाच बरोबर नेलें. ऐटदार गाडीचें आसन खालीं होतें. त्यांना वांकून उतरावें लागे आणि उठतांना चक्कर येई. उंच बांध्याच्या एका साध्या गाडीचें आसन बरोबर कमरेच्या उंचीवर आलें. त्या टेकल्या आणि पाय आंत घेतले. तीन वर्षें वापरलेली, क्लच नसलेली, चढावर थांबणारी ती गाडी आम्हीं घेतली. सर्व गुण तींत नाहींत. ताऱ्यांच्या बाबतींत तिच्याहून सरस गाडी आम्हीं सोडली, हें मी जाणतों. म्हणून ती गांवाबाहेर हमरस्त्यावर नेत नाहीं आणि चाळिसाच्या वर वेग देत नाहीं. मुलानेंही पुढें ही निवड मान्य केली.

पहिल्या दिवशीं पहांटे रुग्णालयापुढें मीं गाडी उभी केली ती पार तिरकी. मी ओशाळून ती सरळ करूं लागलों, तेव्हां मंडळी म्हणाल्या, "राहूं द्या. पोंचलों ना?" या गोष्टीस आतां सात महिने झाले. गाडीच्या डाव्या अंगावर तीन ओरखडे आहेत आणि ते तिन्ही आमच्या फाटकाचे आहेत. त्या गल्लींतून मी आजही जातों. चढावर थांबलों कीं प्रथम आरशांत पाहतों, आणि मगच ब्रेकवरचा पाय उचलतों.