ओतता येईल अशी किटली



चिंचवडला चांदीच्या टी-सेटवर परिषद भरतेय म्हटल्यावर एका जुन्या फोरमन मित्राने मला विचारलं, "आणि चहा कशातून देणार, कागदी कपातून?" प्रश्न खोचक, पण रास्त. या कारखान्यांच्या पट्ट्यात चांदीचा टी-सेट येतो तो परदेशी पाहुण्याला भेट म्हणून, नाहीतर निवृत्तीच्या समारंभात. आणि तिथून थेट काचेच्या कपाटात जातो. त्यातून कुणी चहा ओतेल असं देणाऱ्यालाही वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. मग घडवणारा तरी त्याचा विचार का करील? माझं आजचं सगळं म्हणणं या ओतण्याबद्दल आहे.

चांदीइतकी उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही. उकळता चहा भरला की पोटाबरोबर मूठही तापते. जुने कारागीर मुठीच्या दोन्ही टोकांशी हस्तिदंताच्या चकत्या बसवत, किंवा मूठच लाकडाची करत. 1924 मध्ये मारियान ब्रांट यांनी बाउहाउस या जर्मन डिझाइनशाळेत केलेली चिमुकली किटली बघा: पोट अर्धगोल, पायाशी एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या आणि मूठ एबनीच्या काळ्या लाकडाची. त्याच्याही आधी, 1873 मध्ये, ख्रिस्तोफर ड्रेसर या डिझायनरने मूठ आणि तोटी यांचं नातं आकृत्या काढून मांडलं होतं. भरलेली किटली तिरपी करताना हाताला किती जोर लावावा लागतो, हा त्याचा प्रश्न. आणि तोटीचं टोक भरण्याच्या पातळीपेक्षा खाली असलं, तर किटली भरतानाच चहा टेबलावर. हे सांगायला परिषद लागू नये. पण बाजारातले काही सेट पाहिले की लागते.

1983 मध्ये इटलीच्या अलेस्सी कंपनीने 11 वास्तुरचनाकारांकडून चांदीचे चहा-कॉफीचे सेट करवून घेतले, प्रत्येकाचे 99 नग. ट्रेवर जणू छोटी शहरंच उभी राहिली. देखणी आहेत. पण त्यातल्या बहुतेकांतून मी रोजचा चहा पिणार नाही, आणि अध्यक्षाच्या खुर्चीवरून हे बोलायला मला भीड वाटत नाही. वाईट इतकंच की आपल्याकडे 'समकालीन' म्हणून खपतो तो बराचसा माल त्या शहरांची उतरती नक्कल आहे. त्याउलट, इंग्रजी अमदानीत भूजचे चांदीचे कारागीर उमरसी मावजी साहेबलोकांसाठी टी-सेट घडवत. त्यांची नक्षी आज कुणाला दाट वाटेल, पण ती भांडी वापरायचीच होती.

आता आपल्या पट्ट्याकडे येतो. चाकणच्या प्रेसशॉपमध्ये पत्रा ओढून गाडीचा दरवाजा निघतो. त्यासाठीच्या डायचा खर्च लाखो नगांवर फिटतो. पन्नास टी-सेटवर तो कसा फिटणार? तिथे लेथवर लाकडी साचा लावून पत्रा दाबत नेण्याचं स्पिनिंग हवं आणि पुढचं काम हातोडीचं. पुण्यात कसबा पेठेच्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीचं ठोककाम, करणारे हात अजून आहेत. तांब्यासारखीच चांदीही ठोकता ठोकता कडक होते, पुन्हा तापवून मऊ करावी लागते. 925 च्या, म्हणजे साडेब्याण्णव टक्के, चांदीत उरलेला साडेसात टक्के भाग बहुधा तांब्याचा असतो. तापवताना ते तांबं हवेतला ऑक्सिजन घेतं आणि वरच्या थराखाली जांभळट डाग पडतात. ते घालवता घालवता बफिंगवाल्याचा जीव जातो.

मग इथे बसलेल्या टूलरूमवाल्यांनी काय करायचं? तोटी आणि मूठ डाख देताना एका रेषेत धरणारी जिग करायची. झाकणाची बसणी आणि बिजागरी करायची. किटली पूर्ण तिरपी केल्यावरही झाकण कपात पडता कामा नये. गाडीच्या दरवाजातली फट तुम्ही मिलिमीटरच्या अंशात मोजता, तीच नजर इथे लावा. आणि पॅकिंग करताना रबर टाळा, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. या पट्ट्यात रबराचे तुकडे फुकट मिळतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

जेवणानंतर शेजारच्या दालनात प्रदर्शन उघडेल. "हात लावू नये" ही पाटी मी संयोजकांना काढायला लावली आहे. सगळ्या किटल्यांत उकळतं पाणी भरलेलं असेल आणि शेजारी कप असतील. बक्षिसाची मतं ओतून झाल्यावरच द्यायची आहेत. डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी आधी जावं; परीक्षक मागून येतील.