तारेवरची साळुंकी



हाटाच्या दिवशी बिट्टन मार्केटात भाजी घेताना माझी दृष्टी हटकून वर, तारांकडे जाते. साळुंक्या तेथे निर्धास्त बसलेल्या असतात. ११,००० व्होल्टांच्या उघड्या तारेवरही त्या तशाच बसतात. त्यांच्या पायांचे कातडे वीज अडवते, हा समज मीही शाळकरी वयात बाळगून होतो. तो खोटा आहे. वीज वाहते ती दोन बिंदूंमधील दाबाच्या फरकामुळे. साळुंकीचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन बोटांच्या अंतराने. तेवढ्या तारेचा रोध इतका अल्प, की हा फरक व्होल्टाच्या काही सहस्रांशांइतकाच राहतो.

मोठ्या वटवाघळाचे तसे नाही. लोंबकळताना त्याचा पंख शेजारच्या तारेला टेकला, की दोन तारांमधील सारा दाब त्याच्या देहावर येतो. जमिनीशी जोडलेल्या लोखंडी खांबावरील घारीचा पंख तारेला लागला, तर तिचीही तीच गत.

आणि मुलांनो, संक्रांतीला तारेत अडकलेला पतंग सोडवण्यासाठी आपण सळई उचलतो, तेव्हा आपले पाय गच्चीवर असतात. सळईचे टोक तारेला प्रत्यक्ष लागावेच लागते असेही नाही. पुरेसे जवळ गेले, तरी ठिणगी मधली हवा ओलांडते. रबरी चपलेचा तेथे काही उपयोग होत नाही.