वीस हजारांचा मफलर आणि आमच्या तासाचे चार रुपये

चुलीपाशी बसून, बांधीवरून घरी येता येता किंवा मांडीवर बिडीचं सूप घेऊन आपला रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या काकू, वहिनी, ताई आणि पोरींना आमच्या गटाचा नमस्कार. आज विणकामाबद्दल बोलायचं आहे. मध्येच एक नमुनाही सांगणार आहोत, तेव्हा कागद-पेन घेऊन बसा. रेडिओवर सुया दाखवता येत नाहीत, त्यामुळे हळूहळू सांगू.

आमचा गट बारा जणींचा. धान कापून, चुरून झालं की आपल्याकडे थंडी पडते, आणि ती कशी पडते हे तुम्हाला सांगायला नको. हिवाळ्यात विदर्भातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून आपल्या गोंदियाचं नाव कितीदा बातम्यांत येतं. त्या दोन-अडीच महिन्यांत हाताला काम हवं म्हणून आम्ही विणायला घेतलं. बाळाची टोपी, मोजे, बिनबाह्यांचे स्वेटर असंच, आईकडून शिकलेलं.

मागच्या वर्षी बचत गटांच्या विक्री मेळाव्यात एक कॉलेजची मुलगी आमच्या टेबलापाशी आली. मोबाइलमध्ये एका मफलरचा फोटो होता. आडव्या नागमोडी रेघा, एकाखाली एक, रंग एकमेकांत उतरत गेलेले. "असा करून द्याल का काकू?" म्हणाली. आम्ही किंमत बघितली, तर आपल्या रुपयांत वीस हजारांच्या वर. आमच्यातल्या एक काकू पटकन म्हणाल्या, "का जी, याच्यात सोनं विणलं हाये का?" आणि मग फोटो मोठा करून नाकाजवळ नेऊन बघत म्हणाल्या, "हे तं दोनाचा एक अन् एकाचे दोन आहे. दुसरं काही नाही."

काकू बरोबर होत्या.

तो मफलर मिसोनी नावाच्या इटलीच्या कंपनीच्या धाटणीचा होता. नंतर आम्ही माहिती काढली. १९५३ साली ओत्ताव्हियो आणि रोझिता मिसोनी या नवरा-बायकोनं गॅलाराते गावात विणकामाचा छोटा कारखाना टाकला. रोझिताच्या माहेरी शालींचाच धंदा होता. ओत्ताव्हियो धावपटू, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत धावलेला. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रांवर नुसते सरळ पट्टे निघायचे. पुढे शाली विणायची राशेल नावाची जुनी यंत्रं त्यांनी वापरायला घेतली आणि त्यांवर ही नागमोड जमली. तीच त्यांची ओळख झाली. नवरा-बायकोच्या छोट्या उद्योगातून एवढं मोठं नाव झालं हे ऐकून आमच्या बैठकीत जरा वेळ सगळ्या गप्प होत्या.

आता नमुना लिहून घ्या. मध्यम जाडीची लोकर, आठ नंबरच्या सुया. बावन्न टाके घाला. दोन्ही कडांचे दोन-दोन टाके नेहमी सुलट, मधल्या अठ्ठेचाळीस टाक्यांत बारा-बाराचे चार डोंगर. एका डोंगराचं असं: दोन टाके एकत्र सुलट, मग तीन सुलट. पुढच्या टाक्यात एकदा पुढून आणि एकदा मागून विणून एकाचे दोन, त्याच्या पुढच्या टाक्यातही तसेच दोन. मग तीन सुलट. शेवटी एक टाका न विणता उचला, पुढचा विणा आणि उचललेला त्याच्यावरून काढा. बारा टाके घेतले, बाराच उरले. असं चार वेळा. परतीची सगळी ओळ सुलट. टाके एकत्र होतात तिथे दरी पडते, वाढतात तिथे शिखर येतं. दर दोन ओळींनी रंग बदला, पण लोकर तोडू नका, कडेनं वर न्या. तोडत बसाल तर शेवटी शेकडो टोकं सुईनं आत ओवत बसावं लागेल. आम्ही बसलो होतो.

परतीची ओळ सुलट का, तेही सांगतो. पहिला मफलर आम्ही एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा केला. दिसायला गुळगुळीत, झकास. सुयांवरून काढला आणि पानाच्या विड्यासारखा गुंडाळला गेला. इस्त्री केली तर लोकर चपटी झाली, कारण ती खरी लोकर नव्हतीच, ॲक्रिलिक होती. दोन्ही बाजूंनी सुलट विणला की कापड सपाट बसतं. फक्त ओळी जास्त लागतात. साठ इंच लांबीला आमच्या सहाशे ओळी झाल्या.

तर असे चौदा मफलर आम्ही केले. दोनशे ग्रॅम लोकर मिश्रणातली, सगळी मिळून एका मफलरला दोनशे चाळीस रुपयांची. विकले साडेतीनशेला. दोन दिवसांत टेबल रिकामं. त्या मुलीनं तर तीन नेले. आम्ही पेढे वाटले, एकमेकींचे फोटो काढले. गटाच्या वहीत नफा लिहिला: नगाला एकशे दहा रुपये.

त्या वहीवरून पुढचं सगळं झालं.

त्याच काकू, फोटो नाकाजवळ नेणाऱ्या, तीस वर्षं बिड्या वळत आल्या आहेत. तुम्हाला माहीतच आहे, बिडीचा हिशोब हजारावर असतो. किती हजार वळल्या, किती ठेकेदारानं खराब म्हणून बाजूला काढल्या, उरलेल्याचे किती. काकूंना शाळा फार नाही, पण हजार चुकत नाहीत. त्या म्हणाल्या, "बिडी मोजतो, तसे टाके मोजा ना." आमच्यातल्या बी.ए. झालेलीला (म्हणजे हे लिहिणारीला) हे सुचलं नव्हतं, हे कबूल करते.

मोजले. बावन्न टाके, सहाशे ओळी: एकतीस हजार दोनशे टाके. एक मफलर म्हणजे एकतीस हजार टाके! मिनिटाला वीस टाके धरले तर सव्वीस तास. टोकं ओवणं, धुणं, वाळवणं यांचे दोन तास. अठ्ठावीस तासांचे एकशे दहा रुपये. भागाकार दोनदा केला. तासाला चार रुपयेही पुरते पडत नाहीत.

२०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागला तर तासाला एकोणचाळीस. त्या दरानं आमच्या अठ्ठावीस तासांचे १,०९२ रुपये होतात. लोकर धरून मफलर १,३३२ रुपयांना पडतो, तोही एक पैसा नफा न धरता. ज्या वीस हजारांना आम्ही हसलो होतो, त्यात नाव आहे, दुकानाचं भाडं आहे, जाहिरात आहे, हे सगळं खरं. पण आमच्या साडेतीनशेत आम्हीच नव्हतो.

कोणी म्हणेल, घरबसल्या होतं, टीव्ही बघता बघता होतं, वेळ कुठे विकत घ्यावा लागतो. आमच्या घरचेही हेच म्हणाले. पण कंबर दुखते ती आमचीच, आणि रात्री दिव्याखाली काळी लोकर विणून डोळ्यांतून पाणी येतं तेही आमच्याच. चष्म्याच्या दुकानात कोणी म्हणत नाही की तुमचं घरबसल्या होतं म्हणून काच फुकट घ्या.

हा हिशोब चालू असतानाच एक व्यापारी आले. गाव आणि नाव सांगत नाही. शंभर मफलर हवे, नगाला साडेचारशे देतो म्हणाले. फक्त एक अट. ते कापडी लेबलं आणून देणार, त्या परदेशी कंपनीच्या नावाची, ती आम्ही शिवायची.

बैठक रात्री अकरापर्यंत चालली. शंभर नगांतून लोकर वजा जाता एकवीस हजार रुपये गटात येणार होते. आमच्या एका वहिनींच्या मुलीचं नर्सिंगचं ॲडमिशन होतं, पहिला हप्ता भरायची तारीख जवळ आली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लेबल व्यापाऱ्याचं, पाप व्यापाऱ्याचं, आपण फक्त सुई मारायची.

दुसरी बाजूही बोलली. २०२५ च्या जून महिन्यात मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं आपल्या कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. तेव्हा महाराष्ट्रभर लोक चिडले, २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे याची आठवण दिली, आणि मग कंपनीला मान्य करावं लागलं की ही प्रेरणा भारतातली. त्या वेळी आम्हीही मोबाइलवर रागाचे निरोप पुढे पाठवले होते. आता आम्ही काय करत होतो?

यावर आमचं एकमत झालं ते असं. डोंगर-दरीचा टाका कोणाच्या मालकीचा नाही, आजीच्या काळापासून विणला जातो. पण नाव ज्याचं त्याचं. कायद्यानंही तसंच आहे. दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा शिक्का आपल्या मालावर लावला तर १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर किमान पन्नास हजार दंड आहे. धाड पडली तर शिवणाऱ्या बाईच्या घरी पडते, व्यापाऱ्याचा फोन तेव्हा लागत नाही. आणि साडेचारशेतही तासाला साडेसात रुपयेच पडत होते. नाही म्हणून सांगितलं.

वहिनी आठ दिवस बैठकीला आल्या नाहीत. गटाच्या बचतीतून नेहमीच्या व्याजानं त्यांना कर्ज दिलं, मुलीचं ॲडमिशन झालं. पण कर्ज ते कर्ज, ती मजुरी नव्हे, हे त्या मध्येच ऐकवतात. त्यांचं चुकतं असं आम्हाला म्हणता येत नाही.

मग पुढच्या हिवाळ्यात काय केलं? आधी १,४०० रुपये किंमत लावून बसलो. दोन विकले गेले, तेही एका शिक्षिका बाईंनी नेले. बाकी सगळे हात लावून, किंमत वाचून पुढे. बाजूच्या टेबलावर लुधियानाचे यंत्रावरचे मफलर दोनशेला होते, त्यांच्याशी हातानं स्पर्धा करता येत नाही.

तेव्हा सुया बदलल्या. चार नंबरच्या जाड सुया, जाड लोकर, बावन्नऐवजी अठ्ठावीस टाके. म्हणजे दोन-दोन कडेचे आणि बारा-बाराचे दोनच डोंगर, पण मोठे, ठसठशीत. ओळी चारशे वीस. टाके ११,७६०. सगळं धरून अकरा तास. मजुरी ४२९, लोकर २६०, मिळून ६८९. सातशेला विकतो. हा जातो. कमावतो फार नाही, पण तासाला एकोणचाळीस रुपये त्यात आहेत. आता बारीक विणीचा मफलर कोणी मागितला तरच करतो, अर्धे पैसे आधी घेऊन.

रंगही बदलले. फोटोतले निळे-जांभळे सोडले. आपल्या भंडारा-गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूर भागात ऐनाच्या झाडावर कोसा होतो, त्या टसरची करवतकाठी साडी तुम्ही कोणाच्या तरी लग्नात पाहिली असेल. काठाला करवतीचे दाते असतात, अंगाचा आणि काठाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी एकमेकांत अडकवत विणलेले. या कापडालाही भौगोलिक मानांकन मिळालं आहे. इटलीची नागमोड बघून आम्ही तोंडात बोट घातलं, आणि तेच दाते घरच्या पेटीत होते. आता मफलर कोशाच्या बदामी रंगात आणि डोंगर लाल-काळे. करवतकाठी असं नाव मात्र आम्ही त्याला देत नाही. ते विणकर कोष्टी बांधवांचं आहे, आणि आमची ती लोकर आहे, टसर नव्हे.

लेबल आहे, आमचंच. साध्या पांढऱ्या फितीवर धुऊन न जाणाऱ्या पेननं लिहितो: हाताने विणलेला, गोंदिया जिल्हा, आणि खाली टाक्यांचा आकडा. मेळाव्यात लोक तो आकडा वाचून थांबतात. "खरंच अकरा हजार?" म्हणून विचारतात. मग काकू म्हणतात, मोजून घ्या, बसा. एका आजोबांनी खरंच एक ओळ मोजली.

काकूंनी बिडी अजून सोडलेली नाही. त्यांच्या बिडीच्या जुन्याच वहीत डावीकडे बिड्यांचे हजार आणि उजवीकडे टाक्यांचे हजार लिहिलेले असतात. गेल्या आठवड्यात उजवीकडे तेवीस होते, डावीकडे सात.

टाके बंद करताना मात्र सैल बंद करा, नाहीतर शेवटचे डोंगर आखडतात. नमस्कार.